काचेच्या टवक्यात पाणी मुरलंय? पावसाळ्यातल्या दुरुस्तीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिपळूणला महामार्गालगत गाड्यांच्या काचांचं काम करतो. जूनचा पाऊस लागला की सप्टेंबर संपेपर्यंत दुकानात येणाऱ्या दहा टवक्यांपैकी आठ-नऊ ओलेच असतात. खडीचे डंपर, उखडलेला रस्ता आणि कोकणातला पाऊस हे तिन्ही एकत्र आल्यावर दुसरं काय होणार! लोक घाईत असतात, "पाच मिनिटांत भरून द्या ना" म्हणतात आणि मी म्हणतो, "बसा, चहा घ्या, आधी ओल काढू." मग जे प्रश्न सुरू होतात ते खाली लिहिले आहेत.

टवका एवढासा आहे. त्यात थोडं पाणी गेलं तर काय बिघडलं?

पुढची काच एकसंध नसते. बाहेरून एक काच, आतून एक काच, प्रत्येकी साधारण दोन मिलिमीटर जाडीची, आणि त्यांच्यामध्ये पीव्हीबी नावाच्या पारदर्शक प्लास्टिकचा पाऊण मिलिमीटरचा थर. खडी लागते तेव्हा बहुतेक वेळा फक्त बाहेरची काच फुटते. बाहेरून टाचणीच्या डोक्याएवढं तोंड दिसतं, पण आत पोकळी आणि तिच्यातून फुटलेल्या बारीक चिरा असतात. त्यात हवा असते. ही हवा ओढून काढायची आणि तिच्या जागी रेझिन, म्हणजे अतिनील किरणांनी घट्ट होणारा पारदर्शक चिकट द्रव, दाबून बसवायचं, एवढीच खरी दुरुस्ती.

हवा निघते, पाणी सहजी निघत नाही. रेझिन आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. जिथे पाणी बसलंय तिथे रेझिन पोचत नाही, आणि पोचलं तरी काचेला धरत नाही. काम झाल्यावर पहिल्या दिवशी छान दिसतं. दोन-चार उन्हं खाल्ली की तिथे दुधाळ ठिपका उमटतो, चिरेच्या टोकाला चंदेरी झाक येते. पुढे एखाद्या खड्ड्यात गाडी आदळली की तीच चीर तिथून पुढे सरकते. म्हणजे पैसेही गेले आणि काचही गेली.

पण तोंड एवढं बारीक असताना पाणी आत जातं कसं?

बारीक आहे म्हणूनच जातं. समईची वात तेल कशी ओढते, तसंच. चिरेची रुंदी केसापेक्षाही कमी असते आणि काचेला पाण्याचं आकर्षण आहे. पाण्याचा थेंब तोंडाला टेकला की चीर त्याला आत खेचून घेते. वर वायपरची फेरी आणि समोरून येणारा वारा हातभार लावतात. सगळं मिळून आत गेलेलं पाणी एका थेंबाइतकंही भरत नाही. पण ते ज्या ओढीने आत गेलं त्याच ओढीने आत धरून ठेवलेलं असतं. बाहेर पडायला वाट एकच, ते टाचणीएवढं तोंड. त्यामुळे वरून फडक्याने कितीही पुसा, आतल्या पाण्याला पत्ताही लागत नाही.

पाऊस पडल्यावर टवका दिसेनासाच झाला. आपोआप भरून आला का?

नाही हो. दर पावसाळ्यात दोन-तीन जण तरी हे आनंदाने सांगतात, आणि त्यांचा आनंद घालवताना मला वाईट वाटतं.

काच आणि हवा यांच्यातून प्रकाश फार वेगळ्या रीतीने वाकतो. अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो त्याचं माप, बघा: हवेचा १, पाण्याचा १.३३, काचेचा सुमारे १.५२. चिरेत हवा असेल तर प्रकाश तिथे अडतो, परततो, म्हणून चीर ठळक दिसते. तिथे पाणी भरलं की फरक कमी होतो आणि चीर फिकट होते. रेझिनचा अपवर्तनांक काचेच्या अगदी जवळ ठेवलेला असतो, म्हणून चांगल्या दुरुस्तीनंतर चीर जवळजवळ नाहीशी होते. पाणी तेच सोंग अर्धवट करतं. उन्हं पडू द्या, चीर परत हजर.

या गोष्टीचा आम्हाला उपयोगही होतो. सुकवताना टवका अधिकाधिक *वाईट* दिसू लागला, नव्या चिरा उमटल्यासारख्या वाटल्या, की समजायचं काम बरोबर चाललंय. गिऱ्हाईक शेजारी उभं असेल तर हे आधीच सांगून ठेवावं लागतं, नाहीतर "तुम्ही चीर वाढवलीत" म्हणून वाद होतो.

आत ओल आहे हे तुम्ही ओळखता कसं?

दहापट भिंग आणि एक बारीक टॉर्च. टॉर्च तिरपी धरायची आणि मागे काळं कापड किंवा काळा कागद लावायचा. कोरडी चीर एकसारखी चमकते. ओल्या चिरेत चमक मध्येच तुटते आणि तिथे एक वाकडी, लाटेसारखी कड दिसते. हवा संपून पाणी सुरू होतं ती ही सीमा. मग आतल्या बाजूने अंगठ्याने काच हलकेच बाहेर दाबायची. बाहेरची काच किंचित ताणली जाते, चीर उघडते आणि ती कड सरकते. अंगठा सोडला की परत जागेवर. ती हलली म्हणजे पाणी आहे, याला दुसरा पुरावा लागत नाही.

मागच्या पावसाळ्यात परशुराम घाटात डंपरची खडी लागलेली एक पांढरी गाडी आली होती. टवक्याला चांदणीसारखे पाच पाय. मालक म्हणाले, कालच कोरडी केली, रात्रभर शेडमध्ये होती. भिंगातून पाहिलं तर पाचांपैकी तीन पाय कोरडे आणि दोन टोकापर्यंत पाण्याने भरलेले. ते दोन नुसत्या डोळ्यांना दिसतही नव्हते. तीनच पाय आहेत असं समजून रेझिन भरलं असतं तर उरलेले दोन आत पाणी घेऊन तसेच राहिले असते. त्या दोन पायांना पाऊण तास लागला.

मग ओल काढायची पद्धत काय?

दोन गोष्टी लागतात: बेताची ऊब आणि व्हॅक्यूम. आणि तिसरी, जी दुरुस्तीच्या कुठल्याच किटमध्ये मिळत नाही, धीर.

गाडी आधी छपराखाली घेतो आणि काच आजूबाजूच्या हवेच्या तापमानाला येऊ देतो. पावसातून आलेली थंडगार काच लगेच तापवायची नाही. टवक्याच्या तोंडात अडकलेला काचेचा भुगा आणि माती सुईने हळूच मोकळी करतो, कारण तोंडच बुजलेलं असेल तर वाफ जाणार कुठून? मग गाडीच्या *आत* बसून, टवक्याच्या मागच्या बाजूने ऊब देतो. आतून दिली की ऊब आधी आतल्या काचेतून आणि प्लास्टिकच्या थरातून येते, म्हणजे हळू आणि पसरून. बाहेरच्या फुटक्या काचेला एकदम चटका बसत नाही.

किती गरम? माझं माप तळहात. बाहेरून टवक्याशेजारी तळहात टेकवला आणि आरामात ठेवता आला तर ठीक. उचलावासा वाटला तर जास्त झालं. अंशांत सांगायचं तर चाळीस ते पंचेचाळीस. आता स्वस्तातलं इन्फ्रारेड थर्मामीटर मिळतं, तेही वापरतो, पण तळहातावरचा विश्वास जात नाही.

दोन-तीन मिनिटं ऊब, मग थांबायचं. त्या वेळात बाहेरून तोंडावर इंजेक्टरचा (हवा ओढायच्या आणि रेझिन भरायच्या नळीचा) रबरी ओठ बसवून व्हॅक्यूम ओढायचा आणि पाच-सात मिनिटं धरून ठेवायचा. मग सोडायचा. इंजेक्टर काढला की त्याच्या ओठाच्या आत कधीकधी धुक्यासारखी ओल धरलेली दिसते. ती टिश्यूने पुसायची, नाहीतर तीच परत आत जाते. भिंगातून बघायचं, पुन्हा ऊब, पुन्हा व्हॅक्यूम. साध्या चकतीसारख्या टवक्याला दोन फेऱ्या पुरतात. चांदणीला चार-पाच. व्हॅक्यूम एकदम न सोडता हळूहळू सोडावा, हे मला उशिरा कळलं.

व्हॅक्यूम आहे तर ऊब कशाला, आणि ऊब आहे तर व्हॅक्यूम कशाला?

महाबळेश्वरला डाळ शिजायला वेळ का लागतो? तिथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी शंभराऐवजी पंचाण्णव-शहाण्णव अंशांनाच उकळतं. दाब आणखी उतरवा, उकळण्याचं तापमान आणखी खाली येतं. दाब नेहमीच्या एक दशांशावर आणला तर पाणी सुमारे ४६ अंशांना उकळतं. म्हणजे काचेला सोसेल अशा उबेतच आतल्या पाण्याची वाफ होऊ शकते. किटमधल्या हातपंपाने दाब इतका खाली जातोच असं नाही, पण जितका उतरेल तितकी वाफ लवकर सुटते.

नुसत्या व्हॅक्यूमने हे साधायचं तर, २० अंशांच्या थंड काचेवर दाब जवळजवळ चाळिसाव्या भागापर्यंत उतरवावा लागेल. ते आपल्या हातातल्या साधनांचं काम नाही. आणि नुसत्या उबेने साधायचं तर काच शंभराच्या आसपास न्यावी लागेल. मधलं प्लास्टिक त्याआधीच मऊ पडून त्यात बुडबुडे येतील. दोघांनी अर्धा-अर्धा भार उचलला की जमतं.

आमच्याकडे हवाच इतकी दमट असते. त्यात काही सुकेल का?

हा प्रश्न रत्नागिरी, मालवण, पणजीकडच्या लोकांचा, आणि अगदी रास्त आहे. जुलैत दोरीवरचे कपडे तीन दिवस वाळत नाहीत, तिथे चीर कशी वाळेल?

पण बाहेरची हवा आणि काचेलगतची तापलेली हवा या दोन वेगळ्या गोष्टी. २७ अंशांची ९० टक्के दमट हवा आहे असं धरा. तीच हवा, एक थेंबही पाणी कमी न करता, ४५ अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता जेमतेम ३३-३४ टक्के उरते. उबदार हवेची पाणी पोटात घ्यायची ताकद मोठी असते. कोकणात ओले कपडे चुलीवरच्या वळणीला टाकतात, त्याचं शास्त्र हेच.

अडचण येते ती नंतर. काच थंड झाली आणि तुम्ही तासभर गप्पा मारत बसलात, की दमट हवा पुन्हा आत शिरते आणि ओल धरते. म्हणून सुकवणं आणि रेझिन भरणं यात मध्ये जेवणाची सुट्टी नको. थांबावंच लागलं तर तोंडावर चिकटपट्टी लावून ठेवायची.

घरचा हेअर ड्रायर चालेल?

चालेल, आणि घरी करण्यासारखा हा एकच चांगला उपाय आहे. आतून, सर्वांत कमी उष्णतेवर, काचेपासून वीतभर लांब धरून, हात सतत फिरता ठेवून. एका जागी रोखून धरू नका. पण नुसत्या ड्रायरने टवका वरवर सुकतो. लांब पायांच्या टोकाशी पाणी राहतं. दुकानात येण्यापूर्वी एवढं करून वर चिकटपट्टी लावून आलात तर माझा अर्धा वेळ वाचतो.

लायटरने किंवा हीट गनने पटकन नाही का होत?

पटकन होतं. काच पटकन जाते.

हे मी स्वतः करून बसलोय. कामाला सुरुवात केली तेव्हा एका गृहस्थांना गणपतीला गावी जायची घाई होती, पाऊस कोसळत होता आणि माझ्या हातात नवीनच घेतलेली हीट गन होती. बाहेरून धरली, जेमतेम दहा सेकंद. 'टक्' असा आवाज आला. मोठाही नाही, नखाने काच वाजवावी तेवढाच. आणि माझ्या डोळ्यांदेखत टवक्यातून एक रेघ निघून शांतपणे डाव्या कडेपर्यंत चालत गेली. ते काही बोलले नाहीत, मीही काही बोललो नाही. नवी काच माझ्या खिशातून बसवली. हीट गन अजून आहे, केबलवरच्या स्लीव्ह आकसायला वापरतो.

कारण साधं आहे. एका ठिपक्याएवढी जागा तापते आणि फुगू पाहते, भोवतालची थंड काच तिला जागा देत नाही, आणि तो सगळा ताण चिरेच्या टोकावर येतो. तिथे काच आधीच हरलेली असते. लायटरमध्ये आणखी एक गोम आहे: ज्योतीतून काजळी धरते आणि खुद्द ज्योतीतूनही पाण्याची वाफच बाहेर पडते. थंड काचेवर क्षणभर धुकं धरलेलं दिसतं ते त्याचंच.

स्पिरिट किंवा ॲसिटोन टाकलं की पाणी उडून जातं म्हणतात.

स्पिरिट पाण्यात मिसळतं आणि दोन्ही मिळून लवकर उडतात, इथवर बरोबर. पण बाजारातल्या स्पिरिटमध्ये स्वतःचंही पाणी असतं. शिवाय ते चिरेतली घाण विरघळवून आणखी खोल नेतं आणि उडून जाताना ती तिथेच सोडून जातं. ॲसिटोन तर मधल्या प्लास्टिकलाच त्रास देतं. मी आत काही टाकत नाही. काच बाहेरून पुसायला स्पिरिट वापरा, खुशाल.

कंप्रेसरची हवा मारली तर?

नको. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची टाकी रिकामी करताना खालून काय येतं ते एकदा बघा: पाणी आणि तेल. तेच तुम्ही चिरेत माराल. कॉम्प्युटर साफ करायचा हवेचा डबा तर काच एकदम गारठवतो.

गाडी उन्हात लावली तर आपोआप सुकेल ना?

श्रावणातल्या कोवळ्या उन्हात दोन-तीन दिवस, टवका उघडा ठेवून, सुकेल बऱ्यापैकी. पण कोकणात श्रावणात ऊन आणि सर एकाच तासात येतात. दुपारभर सुकवलेलं संध्याकाळच्या एका सरीत वाया जातं. आणि उन्हात तापलेल्या गाडीत शिरून पूर्ण एसी पुढच्या काचेवर सोडायची सवय असेल तर ती टवका असेपर्यंत बंद ठेवा. बाहेरून तापलेली आणि आतून गार अशा काचेत न दिसणारा ताण असतो. "उभ्या गाडीची काच आपोआप तडकली" या तक्रारींमागे बरेचदा हेच निघतं.

काचेवरचं धुकं घालवायला हीटर लावतो, तोच चालू ठेवला तर?

मंद ठेवलात तर उपयोगी आहे. पुणे किंवा महाबळेश्वराहून इकडे उतरत असाल तर घाट संपेपर्यंत काच छान एकसारखी कोमट होते. फक्त बाहेर पाऊस नसला पाहिजे.

खडी लागल्या लागल्या मी काय करायला हवं?

गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या. टवक्याला बोट लावू नका. बोटाला घाम असतो, तेलकटपणा असतो. पारदर्शक चिकटपट्टीचा छोटा तुकडा वर लावा. एवढंच. दहा रुपयांची चिकटपट्टी गाडीच्या कप्प्यात ठेवली तर या पानावरचे निम्मे प्रश्न तुम्हाला पडणारच नाहीत.

पाऊस चालू असेल तर आधी टिश्यूने टिपून घ्या, घासू नका, टिपा. मग पट्टी. घरी पोचल्यावर छपराखाली पट्टी काढा, रात्रभर पंख्याखाली उघडं राहू द्या, सकाळी निघताना नवी लावा. ओल्यावर लावलेली पट्टी आठवडाभर तशीच ठेवली तर पाणी आत कोंडलं जातं, तेही चांगलं नाही. आणि ड्रायव्हरच्या नजरेसमोरच टवका असेल तर तुकडा नखाएवढाच ठेवा.

फेविक्विक टाकून ठेवू का तात्पुरतं?

कृपा करून नको. तसला गोंद पाणी बघून आणखी लवकर घट्ट होतो, पांढरा पडतो आणि तोंड कायमचं बंद करतो. मग आम्हालाही आत शिरायला वाट राहत नाही. नेलपॉलिशचंही तेच.

काच सुकली. आता लगेच रेझिन?

पाच-दहा मिनिटं थांबा. गरम काच फुगलेली असते, चिरा आवळलेल्या असतात. रेझिन आत शिरत नाही. शिवाय गरम काचेवर रेझिन पाण्यासारखं पातळ होतं आणि ताबा राहत नाही. हाताला काच नुसती कोमट लागली की भरायचं. थंड करायला एसी लावायचा नाही, ओलं फडकं तर नाहीच नाही. (हे सांगावं लागतं, कारण एका मदतनीस पोराने खरोखर ओलं फडकं ठेवलं होतं. अर्धा तास सुकवून झाल्यावर.)

ढगाळ हवेत रेझिन घट्ट होतं का?

रेझिनला अतिनील किरण लागतात. ढगातूनही ते येतात, पण कमी आणि बेभरवशाचे. आम्ही अतिनील दिवा वापरतो, तोही बाहेरून. पुढच्या काचेतलं प्लास्टिक बहुतेक अतिनील किरण अडवतं, त्यामुळे आतून दिवा लावून उपयोग नाही. घरच्या किटवर "उन्हात ठेवा" लिहिलेलं असतं. ते लिहिणाऱ्याने आपला आषाढ पाहिलेला नसावा.

पुराच्या किंवा समुद्राच्या पाण्याने भिजलेला टवका दुरुस्त होतो?

२०२१ च्या २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. नंतर कितीतरी दिवस ज्या गाड्या आल्या त्यांचे टवके मी विसरणार नाही. पाणी उडतं, गाळ उडत नाही. चिरेत गढूळ पाणी गेलं की सुकल्यावर आत तांबूस पातळ थर राहतो आणि त्याला रेझिन नीट धरत नाही. खारं पाणीही तसंच: पाणी जातं, मीठ मागे राहतं. अशा टवक्यात मी रेझिन भरतो, चीर पुढे वाढू नये म्हणून, पण डाग राहणार हे आधी सांगतो. ज्याला डाग चालणार नाही त्याने नवी काच घ्यावी. गाडी धुण्याचा शाम्पू, मेणाचं पॉलिश आणि काचेवर पाणी ठरू नये म्हणून लावतात ते कोटिंग, हे सगळे याच माळेतले मणी.

हे सगळं जुगाड तर नाही ना? कंपनीवाले म्हणतात काचच बदला.

जुगाड नाही. अमेरिकेत सत्तरच्या दशकापासून हे काम धंदा म्हणून चालतं. तिथे लॅमिनेटेड, म्हणजे मध्ये प्लास्टिकचा थर असलेल्या, काचेच्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र मानक आहे, आणि रेझिनपूर्वी ओल काढण्याचं कलम त्यातही आहे. त्या मानकात गोल चकतीला एक इंचापर्यंत आणि चांदणीला तीन इंचांपर्यंत मुभा आहे. चांदणीच्या बाबतीत मी त्याहून कडक आहे: दहा रुपयांच्या नाण्याखाली, म्हणजे २७ मिलिमीटरमध्ये, टवका झाकला गेला तरच हो म्हणतो.

काचेच्या कडेपासून दोन इंचांच्या आत, आतली काचही फुटली असेल तेव्हा, किंवा ड्रायव्हरच्या अगदी समोर मोठा टवका असेल तर बदला म्हणतो. नव्या गाड्यांत आरशामागे कॅमेरा असतो, तो ज्या पट्ट्यातून बघतो तिथला टवकाही मी भरत नाही. बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांत टेम्पर्ड, म्हणजे उष्णतेने कडक केलेल्या, असतात. त्या फुटल्या की साखरेसारख्या सांडतात, तिथे दुरुस्तीचा प्रश्नच येत नाही.

विम्यात बसतं का?

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर नाही. पूर्ण विमा असेल तर काच बदलण्याचे पैसे मिळतात. काचेवर घसारा कापत नाहीत, पण रबर-प्लास्टिकच्या पट्ट्यांवर कापतात. शिवाय सक्तीची वजावट असते: १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये, त्याहून मोठ्या गाडीला २००० रुपये. आणि क्लेम केला की सहसा नो क्लेम बोनस जातो, जो पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत पोचलेला असू शकतो. दुरुस्तीचा खर्च काही शेकड्यांत असतो. हिशेब तुमचा तुम्हीच करा, आणि एजंटला फोन लावून दुरुस्तीला क्लेम धरतात का तेवढं विचारा. काही पॉलिसींत तशी सोय असते.

आधी एकाने ओल न काढताच भरलंय. आता परत करून द्याल?

बहुतेक वेळा नाही. घट्ट झालेलं रेझिन बाहेर काढता येत नाही आणि त्याच्या मागे अडकलेल्या पाण्यापर्यंत पोचायला रस्ता राहत नाही. क्वचित एखादा पाय पूर्ण रिकामा राहिलेला असतो, तेवढा वाचवता येतो. त्यामुळे पहिल्याच वेळी समोरच्याला विचारा, "सुकवणार कसं?" तो हसला किंवा त्याने लायटर काढला, तर गाडी घेऊन निघा.

मुलगी कॅनडात असते. तिच्या गाडीच्या टवक्यात पाणी गोठलंय म्हणते.

तिला सांगा, बंद गॅरेजमध्ये आधी काच सावकाश सामान्य तापमानाला येऊ दे. गरम पाणी ओतायचं नाही. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, म्हणून तिथे टवक्याची चीर एका रात्रीत लांबते. आपल्याकडे निदान ती भीती नाही.

एका टवक्याला एकूण किती वेळ धरून येऊ?

कोरडा असेल तर अर्धा-पाऊण तास. ओला असेल तर दीड-दोन. कधीकधी दोन तासांनंतरही भिंगात ती वाकडी कड हलताना दिसते. मग मी पैसे घेत नाही, पट्टी लावून देतो आणि उद्या या म्हणतो. लोक चिडतात. लांजा-राजापुराहून आलेल्या माणसाला परत पाठवणं मलाही जड जातं. पण ओल्यावर रेझिन मी भरत नाही.

येताना आणखी काही तयारी करून येऊ?

गाडी धुऊन येऊ नका. दर आठवड्याला कोणीतरी "तुम्हाला काम करायला बरं पडावं" म्हणून सर्व्हिस सेंटरवरून चकाचक धुऊन आणतं, टवक्यावर फोमचा पाइप नीट मारून. चिखलाने माखलेली आणा. काच मी पुसतो.